सेन्सरपुढे टांगलेली चप्पल

लग्नकार्यात कुणी विचारलं, "ताई, तुम्ही काय काम करत होतात?" की माझी पंचाईत होते. ऑटो इलेक्ट्रिशियन म्हणावं, तर लोकांना हॉर्न आणि हेडलाइट एवढंच आठवतं. ट्रकच्या सेन्सरचं काम म्हणावं, तर समोरचा आदराने मान हलवतो आणि जेवणाचा विषय काढतो. एकदा माझ्या विहीणबाईंनी मला विचारायच्या आधीच पाहुण्यांना सांगून टाकलं, "त्या ट्रकच्या गुडघ्यांच्या डॉक्टर आहेत." तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, इतकं नेमकं वर्णन मला स्वतःला उमेदीच्या सगळ्या वर्षांत जमलं नाही.

गुडघा म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. साध्या ट्रकला मागे लोखंडी पाटे असतात. खड्डा आला की पाटा वाकतो, माल उडतो, ड्रायव्हरच्या कमरेचे हाल होतात, पण पाटा कुणाला काही विचारत बसत नाही. महागड्या ट्रकला पाट्यांच्या जागी हवेने भरलेले रबरी फुगे असतात. माल भरला की गाडी खाली बसते, मग फुग्यात आणखी हवा भरायची. माल उतरला की हवा सोडायची. किती भरायची, किती सोडायची, हे कॉम्प्युटर ठरवतो. आणि गाडी किती खाली बसली आहे हे कॉम्प्युटरला सांगतो तो सेन्सर. काडेपेटीहून जरा मोठा डबा, चासीला आतल्या बाजूने बसवलेला, आणि त्याच्यातून निघून चाकाच्या ॲक्सलला जोडलेली पेन्सिलीएवढी दांडी. गाडी खालीवर झाली की दांडी हलते. बस्स, एवढंच. वीस टनांचं धूड, आणि त्याची सगळी अक्कल त्या पेन्सिलीत.

बरं, ही दांडी असते कुठे? चाकाच्या मागे, गुडघ्याच्या उंचीवर. डांबरी रस्त्यावर काही बिघडत नाही. पण गाडी खडीच्या रस्त्याला लागली की चाकाने मागे फेकलेली प्रत्येक गिट्टी हिच्याच अंगावर. ज्या कुणी इंजिनिअरने ही जागा निवडली, त्याने आमच्याकडचे रस्ते पाहिले नव्हते हे उघड आहे. त्याचे उपकारच म्हणायचे, कारण त्याच्या चुकीवर माझं घर चाललं.

आमचं गॅरेज आधी उस्मानपुऱ्यात होतं. आमचं म्हणजे माझं आणि रफिकभाईंचं. वायरिंग माझं, वेल्डिंग त्यांचं. त्यांचे आजोबा शहागंजात पाणी तापवायचे बंब बनवायचे, त्यामुळे पत्रा हातात घेतला की रफिकभाईंच्या चेहऱ्यावर खानदानी रुबाब यायचा. शहर वाढत गेलं, गल्लीत ट्रक वळवायला जागा उरेना, तेव्हा आम्ही बायपासच्या कडेला पत्र्याची शेड टाकली. तिथे चारी बाजूंनी सोसायट्या उभ्या राहत होत्या. एकीचं नाव कुठली तरी रिव्हर, दुसरीचं कुठलं तरी लेक, आणि दोन्हीकडे पाणी टँकरचं. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. पुढे नाव बदललं, पण नळाला पाणी कधी येणार हे विचारायची पद्धत तीच राहिली.

गॅरेजच्या दारावर मी एक पाटी लावली होती: 'गाडीला लिंबू-मिरची, काळी बाहुली किंवा चप्पल बांधली असल्यास काम केले जाणार नाही.' आमच्या वडिलांनी आम्हा भावंडांकडून बावीस प्रतिज्ञा लहानपणीच पाठ करून घेतल्या होत्या. उतारा, नवस, दृष्ट असल्या गोष्टींना आमच्या घरात थारा नव्हता. आणि ट्रकवाल्यांचं तर विचारूच नका. नवी गाडी घेतली की पहिली काळी चप्पल टांगणार. लोकांची वाईट नजर आधी त्या घाणेरड्या चपलेवर पडते आणि गाडी वाचते, असा त्यामागचा हिशेब. मी ती उतरवायला लावायची. रफिकभाई म्हणायचे की अशाने गिऱ्हाईक पळेल. गिऱ्हाईक पळालं नाही. ड्रायव्हर मंडळी आमच्या अलीकडे शंभर पावलांवर गाडी थांबवून चप्पल सोडायची, तिथल्या कडुनिंबाला अडकवायची आणि काम झालं की जाताना पुन्हा बांधायची. काही दिवस तर त्या झाडाला पानांपेक्षा चपलाच जास्त दिसत. मी बघूनही न बघितल्यासारखं करायची आणि मनातल्या मनात विज्ञान जिंकलं असं समजायची.

गिऱ्हाइकांत नमुने पुष्कळ. एक दातांचे डॉक्टर होते. डोंगर चढणारी मोठी जीप घेतली होती त्यांनी. आठवडाभर लोकांचे दात काढायचे आणि रविवारी आटलेल्या तळ्याच्या पात्रात जीप उडवायची. तिला चारी चाकांना सेन्सर. डॉक्टरांनी ते स्वतः जपायचं ठरवलं आणि सगळ्या वायरी पट्ट्या लावून चासीला अशा आवळून बांधल्या की काय सांगू, मोत्याचा सर ओवल्यासारख्या दिसत होत्या. पहिल्याच रविवारी चाक खड्ड्यात उतरलं आणि वायर मुळातून उपटली गेली. मी त्यांना सांगितलं की चाक जेवढं खाली जातं तेवढी वायरला ढील हवी. त्यावर ते गंभीरपणे म्हणाले, "आमच्याकडे तारेला ढील दिली की दात पुन्हा वाकडे होतात." मी म्हटलं, डॉक्टर, जीपचे दात तुम्ही माझ्यावर सोडा. पुढे ते दर महिन्याला यायचे. गाडीला काही झालेलं नसायचं, गप्पा मारायला यायचे.

पण मला सांगायची आहे ती एका दुष्काळी उन्हाळ्यातली गोष्ट. तिच्यात मी फार शहाणपणा दाखवला असं नाही.

त्या वर्षी पाऊस सलग दुसऱ्यांदा तोंडाला पानं पुसून गेला होता. एका मोठ्या रस्त्याच्या कामावर परदेशी बनावटीचे, सगळ्या चाकांना ओढ असलेले दोन दणकट ट्रक आले होते. काम संपल्यावर ते विकायला निघाले आणि टँकरच्या एका ठेकेदाराने घेतले. आम्ही त्यांना शेठ म्हणायचो. त्यांनी दोन्हींवर पाण्याच्या टाक्या चढवल्या. पैठणच्या बाजूला माळाच्या पलीकडे साठेक उंबऱ्यांची एक वस्ती होती, तिथे पाणी पोचवायचं काम या दोन गाड्यांना मिळालं. साधे टँकर तिथे चढतच नव्हते. वस्तीला जाणारा रस्ता पक्का करायचा म्हणून कुणीतरी जाडी खडी आणून पसरली होती आणि डांबर काही आलंच नव्हतं. वर चढ. भरलेला टँकर त्या सुट्या खडीवर चाकं फिरवत जागच्या जागी उभा राहायचा. हे दोन ट्रक मात्र गुरगुरत वर जायचे. ते आले तर वस्तीला पाणी, नाहीतर खालच्या विहिरीपर्यंत पायपीट, आणि त्या विहिरीतही गाळच जास्त.

दुसऱ्याच आठवड्यात पहिल्या गाडीच्या सेन्सरची दांडी खडीने तोडली. नवा सेन्सर यायला बरेच दिवस गेले. तेवढे दिवस वस्तीला एकाच गाडीवर भागवावं लागलं. शेठ म्हणाले, असं पुन्हा झालं तर मला परवडणार नाही, तुम्ही काहीतरी बंदोबस्त करा.

बंदोबस्त हा शब्द माझ्या डोक्यात बसला. मी आणि रफिकभाईंनी दोन दिवस खपून जाड पत्र्याची पेटी बनवली. सहाही बाजूंनी बंद. दांडी जायला फक्त एक अरुंद फट. पेटी चासीला अशी वेल्ड केली की ट्रक मोडला असता पण पेटी हलली नसती. तिला मी स्वतः पिवळा रंग दिला. रफिकभाईंनी तिच्यावर हातोडा वाजवून बघितला आणि म्हणाले, "ताई, हाथी भी बैठा तो कुछ नै होता इसको." पत्रा संपला म्हणून दुसऱ्या गाडीची पेटी नवा पत्रा येईपर्यंत राहिली.

दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हर भानुदास. उंचापुरा, बोलायला मऊ आणि श्रद्धाळू इतका, की गाडी सुरू करण्याआधी स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावायचा. त्याने पुढच्या बंपरला काळी चप्पल टांगली होती, ती मी काढली. मग त्याने मागे टांगली, तीही काढली. "पेटी बसेपतुर तरी राहू द्या ताई," म्हणाला. मी त्याला तिथेच उभं करून पाऊण तास अंधश्रद्धेवर व्याख्यान दिलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, शेवटी "व्हय ताई" म्हणाला आणि गाडी घेऊन गेला. मला वाटलं, एक माणूस सुधारला.

पेटी लावून आठ-दहा दिवस झाले आणि मला तिचा पराक्रम डोळ्यांनी बघायची हौस आली. एका दुपारी मी पहिल्या गाडीत ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले. मागून भानुदासची गाडी येत होती. खडीवर चढलो तसा खालून ताशा वाजल्यासारखा आवाज सुरू झाला. गिट्ट्या पेटीवर आपटत होत्या. तो आवाज ऐकून मला असा आनंद होत होता की मी ड्रायव्हरला म्हटलं, ऐक, ऐक, वाजू दे.

तिसऱ्या वळणावर गाडी डावीकडे कलायला लागली. आधी वाटलं, रस्ताच तसा आहे. मग ड्रायव्हरने माझ्याकडे बघितलं आणि गाडी थांबवली. डाव्या बाजूला कोरडा ओढा होता, दोन पुरुष खोल. गाडी उभी होती तरी कलणं थांबेना. खालून हवा सुटल्याचा सुस्कारा ऐकू येत होता. डावा फुगा आपणहून रिकामा होत होता.

आम्ही दोघं उड्या मारून उतरलो. टाकी गच्च भरलेली, वरच्या झाकणातून पाणी ओढ्याच्या बाजूला हिंदकळत होतं. आणखी थोडी कलली असती तर गाडी गेलीच होती. मी म्हटलं, पाणी सोड. ड्रायव्हर म्हणाला, "ताई, वर बाया हंडे घेऊन हुब्या हायत."

"सोड," मी म्हटलं.

त्याने नळ उघडला. वरून बायकांनी बघितलं आणि हंडे, बादल्या, पातेली, हाताला लागेल ते घेऊन उतारावरून धावत आल्या. जेवढं धरता आलं तेवढं त्यांनी धरलं. बाकीचं मुरमात गेलं. मुरूम इतका तहानलेला होता की वीस पावलांच्या पुढे ओघळसुद्धा गेला नाही. मी हात बांधून बघत उभी राहिले. आजही ते आठवलं की मला स्वतःची लाज वाटते, आणि ती वाटायलाच हवी.

गाडी हलकी झाली, कलणं थांबलं. ड्रायव्हरने चाकांना दगड लावले. मी खाली शिरले आणि छिन्नीने पेटीचं तोंड फोडलं. आत सेन्सर दिसेचना. दांडी जाण्यासाठी ठेवलेल्या फटीतून खडीची भुकटी आणि मुरमाची माती रोज आत जात होती, टाकीतून सांडलेलं पाणी तिच्यावर पडत होतं, आणि वर उन्हाची भट्टी. भिंत बांधायला लागतं ते सगळं मी त्या पेटीत जमा केलं होतं. दांडी त्या चिखलात आवळली जाऊन दगडासारखी घट्ट बसली होती. डावी बाजू फार उंच आहे, असं ती एकसारखं सांगत राहिली आणि कॉम्प्युटरने इमानेइतबारे हवा सोडून दिली. पेटी बंद नसती तर ही माती आपसूक गळून पडली असती. मी बाहेरच्या दगडापासून सेन्सर वाचवला आणि आत स्वतः दगड तयार केला.

बाहेर आले तर एक म्हातारी वाकून बघत होती. गयाबाई. वस्तीतलं सगळ्यांत जुनं माणूस, कपाळावर गोंदण, हातात अर्धी भरलेली घागर. तिने विचारलं, "काय ठिवलं व्हतं गं त्या पेटीत, एवढं कडीकुलपात?"

मी तिला सगळं सांगितलं. दांडी, हवा, कॉम्प्युटर. तिने शांतपणे ऐकलं.

"एवढीशी काडी," ती म्हणाली. "तिला एवढी मोठी पेटी केलीस. आन् आमच्या पाण्याला कोनी झाकन बी देत नाय."

ती रागावून बोलली असती तर मी उत्तर दिलं असतं. पण तिने घागर उचलली आणि चढाला लागली.

मागे भानुदासची गाडी उभी होती. बाजूने निघायला जेमतेम जागा होती. पण तिच्या सेन्सरला तर काहीच आडोसा नव्हता. तो तुटायच्या बेतात असला तर आता दुसऱ्यांदा पाणी सांडायचं आणि यावेळी बघायला सगळी वस्ती. मी म्हटलं, आधी खाली शिरून बघते. भानुदास आडवा आला. "ताई, समदं ठीक हाय. तुम्ही कशाला कपडे खराब करता?" मी त्याला बाजूला केलं आणि आत सरकले.

दांडी लखलखत होती. कारखान्यातून आल्यासारखी. आणि तिच्या पुढ्यात, चाक आणि दांडीच्या बरोबर मध्ये, एक काळी चप्पल लोंबकळत होती. उजव्या पायाची, पुरुषी, टायरच्या तळव्याची. तारेने चासीला बांधलेली. तळवा गिट्ट्यांनी इतका फोडला होता की बोट घालायला जागा राहिली नव्हती. मी तिला धक्का दिला. ती मागे गेली आणि परत येऊन जागेवर लोंबू लागली.

मी तशीच पडल्या पडल्या विचारलं, "हे काय आहे?"

भानुदासचे फक्त पाय दिसत होते. ते पाय थोडे हलले. "म्होरं बांधली तर तुम्ही काढता," पायांकडून आवाज आला. "मागं बांधली तरी काढता. म्हनलं, खाली कोन बघतंय."

"पण नेमकी इथंच का बांधलीस?"

"इथं एक भोक मोकळं व्हतं."

मला हसू आलं. पाठीखाली खडी टोचत होती, बाहेर माझ्या चुकीने पाणी मातीत गेलं होतं, आणि मी ट्रकखाली पडून हसत होते. भानुदासला वाटलं, ताईंचं डोकं फिरलं. त्याने वाकून बघितलं आणि हळूच म्हणाला, "मंग, नजर लागली नाय ना ताई?"

मी म्हटलं, "नजरेचं नंतर बघू. आधी ही गाडी वर ने."

"आन् चप्पल?"

"राहू दे," मी म्हटलं.

गॅरेजवर परत येईपर्यंत मला चपलेची युक्ती कळली होती. माझी पेटी दगडाशी भांडत होती. चप्पल भांडत नव्हती. दगड आला की मागे सरायची, त्याचा जोर अंगावर घ्यायची आणि त्याला खाली पडू द्यायची. खालून मोकळी असल्याने आत काही साठतच नव्हतं. पाऊण तास व्याख्यान देऊनही मला जे सुचलं नव्हतं, ते तिने लोंबकळून दाखवलं. दृष्टबिष्ट अजूनही खोटीच, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. पण भानुदासचं कारण चुकीचं होतं म्हणून त्याची चप्पल चुकीची ठरत नव्हती, आणि माझं कारण बरोबर असून माझी पेटी चुकली होती. हे गिळायला मला त्या खडीहून जड गेलं.

दुसऱ्या दिवशी शेठचा निरोप आला की वस्तीचा मार्ग बंद करायचा. दोन्ही गाड्या बायपासच्या सोसायट्यांकडे लावणार. तिकडे डांबरी रस्ता आहे, सेन्सर तुटत नाही, आणि मागणी वस्तीपेक्षा जास्त. त्यांचंही चुकत नव्हतं, दोन्ही गाड्या त्यांच्या आयुष्यभराची कमाई होत्या. वस्तीला पाणी कोण देणार, म्हणून विचारलं, तर म्हणाले, ते सरकार बघेल. सरकार काय बघणार ते त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मी त्यांच्याकडे आठ दिवस मागितले. आठ दिवसांत एकही सेन्सर गेला तर गाड्या तुमच्या मर्जीने न्या, मी पुन्हा तोंड उघडणार नाही. शेठ हो म्हणाले.

आता रफिकभाईंना सांगायचं होतं. पेटी हा त्यांच्या तीन पिढ्यांच्या अब्रूचा मामला. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. "दो दिन लगा के डब्बा बनाया मैं," म्हणाले. "अब क्या चप्पल बनाऊं?"

"हौ," मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग इतके हसले की शेजारच्या पंक्चरवाल्याने येऊन विचारलं काय झालं. हसून झाल्यावर ते स्वतःच निघाले आणि खडी क्रशरवर गेले. क्रशरवर दगड वाहून नेणारा जो रबरी पट्टा असतो, तो झिजला की फेकून देतात. त्याचे दोन तुकडे त्यांनी आणले. ज्याने जन्मभर दगडच खाल्लेत, त्याला आणखी थोडे जड जाणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं. पट्टा कापला, वरून दोन बोल्ट लावले, भोकं मुद्दाम मोठी ठेवली म्हणजे झुलायला जागा राहील. खाली सगळं मोकळं. पहिल्या गाडीची पेटी कापून काढली, आतला सेन्सर धुऊन घेतला आणि दोन्ही गाड्यांना तोच इलाज केला. भानुदासच्या गाडीची चप्पल मी सोडली आणि त्याच्या हातात दिली. यावेळी व्याख्यान दिलं नाही.

पहिल्या दिवशी पट्टा लांब झाला. उंचवट्यावर गाडी बसली की तो दुमडून दांडीलाच आपटायचा. चार बोटं कापला. तिसऱ्या दिवशी एक बोल्ट ढिला सापडला, त्याला दुसरी चकती घातली. पाचव्या दिवशी भानुदासचा फोन आला की गाडी कललीये. मी स्कूटर अशी दामटली की वाटेत कुणाला सलाम-नमस्ते काही केलं नाही. जाऊन बघते तर गाडी खरंच कललेली, आणि एक चाक चांगल्या पसरट धोंड्यावर चढवून उभं केलेलं. मी धोंड्याकडे बोट दाखवलं. भानुदासने धोंड्याकडे बघितलं, मग गाडीकडे, मग म्हणाला, "मी म्हनलंच, काय तरी हाय." त्याला मी काय बोलले ते इथे छापण्यासारखं नाही.

पुढे हा पट्टा आमच्या भागात बराच पसरला. क्रशरच्या गाड्या, बोअर मारणाऱ्या गाड्या, धरणाच्या कामावरच्या गाड्या, सगळ्यांना तो हवा झाला. ड्रायव्हर येऊन सांगायचे, "ताईची चप्पल लावून द्या." दारावर माझी ती पाटी, आणि आत दिवसभर चपलांचं काम. दातांच्या डॉक्टरांनीही चारी चाकांना लावून घेतली आणि पॉलिश करता येईल का विचारलं. एका कंपनीचे साहेब फोटो काढायला आले, तेव्हा कागदावर लिहायला त्यांनी या पार्टचं नाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी ते लिहिलं नाही. पण हे सगळं नंतरचं. माझ्या सगळ्या कामातला सगळ्यांत मोठा दिवस विचाराल तर तो आठवा दिवस.

त्या दिवशी मी पुन्हा पहिल्या गाडीत बसले. खडी लागली. पेटीसारखा ताशा वाजला नाही, नुसता रबराचा धप् धप् आवाज. तिसरं वळण आलं, तेव्हा मी खिडकीची कड इतकी घट्ट धरली की ड्रायव्हर म्हणाला, "ताई, काच तुटंल." वळण गेलं. गाडी सरळ. वर पोचलो, मागून भानुदासही पोचला. मी दोन्ही गाड्यांखाली जाऊन आले. पट्ट्यांवर ओरखडेच ओरखडे आणि दोन्ही दांड्या धडधाकट. तिथूनच शेठना फोन लावला. ते म्हणाले, ठीक आहे, चालू ठेवा. एवढंच. पण ते शब्द ऐकून मी वस्तीच्या मधोमध, तेवढ्या बायकांसमोर, ओढणीने डोळे पुसले. रांगेतल्या बायका आधी गोंधळल्या आणि त्यांना कळल्यावर हंडे बडवून हसायला लागल्या.

टाकीला नळ्या लागल्या, हंडे भरू लागले. गयाबाई घागर घराशी ठेवून परत आली. तिच्या हातात एक चप्पल होती. बाईमाणसाची, पट्टा दोनदा शिवलेला.

"ही लाव त्या पहिल्या गाडीला," ती म्हणाली.

भानुदासने अख्ख्या वस्तीला चपलेची गोष्ट सांगितली होती, ते माझ्या लक्षात आलं. मी तिला समजावू लागले की आता चपलेची गरज नाही, आम्ही रबरी पट्टा लावला आहे, आणि नजर वगैरे काही नसतं. तिने मला बोलू दिलं. मग चप्पल उलटी करून माझ्यापुढे धरली. टाचेकडचा तळवा इतका झिजला होता की त्यातून पलीकडचं ऊन दिसत होतं.

"खालच्या इहिरीवर जाऊन जाऊन अशी झाली," ती म्हणाली. "सकाळी दोन खेपा, दुपारी दोन. आता पानी दारात येतंय. हिला काम नाय ऱ्हायलं."

मी ती दोन्ही हातांनी घेतली. भानुदासकडे तार मागितली, ओढणी कमरेला बांधली आणि पहिल्या गाडीखाली शिरले.